झमकीने मारलेली हाक

टेंभुरखेडी, तालुका मेहकर
बुधवार, ता. २० सप्टेंबर १९६७

सौ. अक्कास,

वच्छलेचा वाकून नमस्कार. भाऊजींनाही सांग. तुझं पत्र सोमवारी सकाळी मिळालं. नलूचा खोकला हटला हे वाचून बरं वाटलं. तरी निजताना तिच्या छातीला ओव्याचं तेल चोळत जा आणि कच्चे पेरू खाऊ देऊ नको. पेरूनंच तिला खोकला होतो. मलाही लहानपणी व्हायचा, तुला आठवत असेल.

माझं बरं चाललं आहे. बालवाडीत आता छत्तीस मुलं झाली. कापसाच्या जुन्या गोदामात ती भरते, हे तुला मागे लिहिलंच होतं. झुंबरबाई म्हणून मदतनीस आहे. ती सकाळी आडावरून पाणी आणते, तापवते आणि भुकटीचं दूध कालवते. हात इतका चांगला की एक गाठ राहत नाही. मुलं पेले चाटूनपुसून साफ करतात.

श्रावणापासून तांड्यावरची पाच मुलं यायला लागली. गावापासून कोसभर, नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आहे. त्यांच्या आया इथे पाटलांच्या शेतात निंदायला येतात, त्यांच्यासोबत मुलं येतात. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष अन्नपूर्णाबाई, म्हणजे पाटलीणबाई, त्यांना हे फारसं रुचलेलं नाही. पण मेहकरच्या मुख्यसेविकाबाईंनी शेरेवहीत लिहूनच दिलं की तांड्याची मुलं घ्यायची. म्हणून घेतली.

परवा त्यांच्यातली एक मुलगी जरा वाट चुकली होती. सापडली. काळजी करण्यासारखं काही नाही. गावात थोडं बोलणं चाललंय, चार दिवसांनी थांबेल.

तू पत्रात ते दुसरं जे लिहिलं आहेस, त्याबद्दल सवडीने लिहीन. आंतर्देशीय आहे, जागा संपली. नलूला माझा गोड पापा.

तुझी धाकटी बहीण,
वच्छला

* * *

टेंभुरखेडी
रविवार, ता. २४ सप्टेंबर १९६७

सौ. अक्कास,

नमस्कार. तुझं उत्तर यायच्या आधीच दुसरं पत्र लिहिते आहे, याचं तुला नवल वाटेल. हे मुद्दाम पाकिटातून पाठवलं आहे. भाऊजींना वाचायला देऊ नको. तुला जोडाक्षरं अडतात म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढलं आहे. दुपारी नलू निजली की बस आणि सावकाश वाच.

सहा दिवस झाले, मला घास गिळवत नाही.

त्या मुलीचं नाव झमकी. चार वर्षांची असेल. आरसे लावलेला छोटा घागरा घालते, केसांना दोन्ही बाजूंनी पितळेची फुलं. तिची आई केसली. सोमवारी सकाळी साडेनवाच्या सुमाराला मुलांचं गाणं संपलं आणि माझ्या ध्यानात आलं की झमकी नाही. गोदामाच्या मागे पाहिलं, आडाजवळ पाहिलं. आत वाकून पाहिलं, पाणी स्वच्छ होतं, तळाचे दगड दिसत होते. तिथेच खाली बसले.

मग गावात हाकाटी झाली. आडापासून तांड्याकडे जायची पायवाट पाटलांच्या ज्वारीतून जाते. यंदा ज्वारी डोक्याच्या वर गेली आहे, कणसं धरायला लागली आहेत. आत शिरलं की चार हातांवरचं माणूस दिसत नाही. पुढे नाला, त्याला कमरेएवढं पाणी. आणि आदल्याच आठवड्यात लांडग्यानं त्याच अंगाची बकरी नेलेली. अक्का, मी त्या ज्वारीत सहा तास फिरले. पानांनी हात कापले, पातळ फाटलं. "झमकी! झमकी गं!" करून माझा गळा बसला. गावातले दहा-बारा गडी होते, तेही ओरडत होते. काही नाही. नुसती पाखरं उडत.

तिसऱ्या प्रहरी तांड्याचा नाईक आला, थावरा नाईक. म्हातारा आहे, लाल पागोटं बांधतो. सोबत केसली. ती दूरच्या शेतात होती, तिला उशिरा कळलं. नाईक बांधावर उभा राहिला, गड्यांना गप बसा म्हणाला. मग माझ्याकडे वळला.

"बाई, तुमी आवाज देनं बंद करा."

मी म्हटलं, "नाईक, मी तिची बाई आहे. रोज तीन तास माझ्यापाशी असते. माझा आवाज ती ओळखते."

"ओयखते, त्याच्यानंच म्हन्लो," तो म्हणाला. हळूच म्हणाला, दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसेल.

सगळे गप झाले. मग केसलीनं आपल्या बोलीत हाक मारली. "झमकी, आव." आव म्हणजे ये. ओरडून नाही, घरात जशी मारावी तशी. दोनदा मारली. आणि अक्का, आमच्यापासून पंधरा पावलांवर ज्वारी हलली. मी सकाळपासून त्या जागेवरून दहा वेळा गेले असेन. पोरगी तिथेच होती. चिखलानं भरलेली, ओठ वाळलेले. ती आली आणि आईच्या ओढणीत शिरली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

इथपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक आहे. पुढचं ऐक.

संध्याकाळी अन्नपूर्णाबाईंनी मंडळाच्या बायका जमवल्या. मला विचारलं, "बाई, पोरगी बाहीर गेली कशी?" मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "झुंबर कुठी होती? दारात बसनं तिचं काम हाय."

झुंबरबाई आडावर होती. दुधाचं पाणी कमी पडलं म्हणून मीच तिला धाडलं होतं. ती बिचारी म्हणाली, "मी पान्याले गेल्ती, बाईनं सांगतलं म्हून गेल्ती." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, गेली होती." एवढंच म्हटलं. त्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की ती गेली ती गेलीच, लवकर परतली नाही. मी तो अर्थ तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवसापासून झुंबरबाईला येऊ नको म्हणून सांगितलं आहे. आणि तांड्याची मुलं बंद. अन्नपूर्णाबाई म्हणतात, "आपलं बोलनं त्यायले समजत नाई, त्यायचं आपल्याले नाई. उद्या एखादं आडात पडलं त खून आपल्या माथी." येत्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी, तीन तारखेला, मुख्यसेविकाबाई येणार आहेत. त्यांच्या वहीत दोन्ही गोष्टी कायमच्या लिहून होतील, आणि त्यावर मी सही करायची आहे.

आता जे लिहायचं ते लिहिते.

झमकी आपोआप बाहेर गेली नाही. मी तिला पायरीवर नेऊन बसवलं होतं. बाहेर बस, आत यायचं नाही, असं बोट करून सांगितलं होतं. त्याआधी मी तिला थापड मारली होती, अक्का. उजव्या हातानं, गालावर, मुलांच्या देखत. तिचं केसातलं एक फूल उडून दुधाच्या पातेल्याजवळ पडलं.

तिनं मला येडी म्हटलं. दुधाच्या वेळी येऊन माझा पदर ओढला आणि म्हणाली. मुलं हसायला लागली, "बाईले येडी म्हन्ते! बाईले येडी म्हन्ते!" मी म्हटलं, "काय म्हणालीस?" तर तिनं मोठ्यानं पुन्हा तेच म्हटलं, हसून. छत्तीस मुलं खिदळत होती. माझ्या डोळ्यांपुढे काय आलं कुणास ठाऊक.

चार वर्षांचं लेकरू. अकोल्याला ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलं होतं की बालवाडीत हात उगारायचा नाही. मी वर्गात पहिली आले होते.

गावच्या मुलांनी घरी सांगितलंही असेल. पण एवढ्याशा मुलांचं कोण मनावर घेतं, आणि बाईनं एक थापड मारली यात गावाला नवल नाही. नवल कशाचं वाटेल तर मी झुंबरबाईच्या मागे लपले त्याचं. ती विधवा आहे. मीही आहे. सकाळी आम्ही दोघी एका ताटलीत भाकरी खायचो.

नाईकाला नक्की माहीत आहे, नाहीतर तो तसं म्हणाला नसता. रोज मला वाटतं, आज तो गावात येईल आणि सांगेल. येत नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

खरं सांगितलं तर ही जागा जाईल. जागा गेली तर मी पुन्हा कुणाच्या दारात उभी राहणार? सासरी तर नलू पोटात असतानाच दार लावलं. आणि नलूला कधी माझ्याजवळ आणायचं म्हटलं तर कुठे आणायचं?

मी काय करू, ते लिही. लवकर लिही.

तुझी,
वच्छला

* * *

टेंभुरखेडी
रविवार, ता. १५ ऑक्टोबर १९६७

प्रिय अक्का,

तुझं दोन ओळींचं पत्र शुक्रवारी, एकोणतीस तारखेला मिळालं होतं. "वच्छे, सांगून टाक. मंग जे होईन ते होईन, मी हाव." ते शेवटचं 'मी हाव' मी किती वेळा वाचलं असेल. उत्तराला इतके दिवस लागले, कारण एकेक गोष्ट निस्तरल्याशिवाय तुला काय लिहावं कळेना.

एक तारखेला, रविवारी सकाळी, मी तांड्यावर गेले. आधी मुख्यसेविकाबाईंना सांगावं की आधी केसलीला, हे ठरत नव्हतं. वाटलं, जिच्या लेकराला मारलं तिला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. नाला उतरताना दोनदा परत फिरावंसं वाटलं.

नाईकाच्या दारात बाजेवर बसवलं मला. केसली समोर उभी राहिली, पदर ओढून. मी सांगितलं. थापड मारली, बाहेर बसवलं, मग कुणाला बोलले नाही.

नाईक म्हणाला, "आमाले तवाच मालूम होतं, बाई. चार पोट्ट्यायनं येऊन सांगतलं."

"मग तुम्ही मंडळात का नाही बोललात?"

"कोनाले बोलाव?" तो म्हणाला. "आमचं कोन आयकते? तुमी नाई म्हन्ल्या असत्या त आमीच खोटे पडलो असतो."

केसली तोंडातल्या तोंडात त्यांच्या बोलीत काही बोलली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मारलं त मारलं. मी बी मारतो. पन काऊन मारलं ते सांगा. दोन रोज पोरगी इचारून राह्यली, मी काय केलं. मी तिले काय सांगू?"

मी म्हटलं, "तिनं मला येडी म्हटलं. सगळ्या मुलांसमोर."

"नाई," केसली म्हणाली. "ते पोरगी तसं म्हन्नार नाई."

"मी माझ्या कानांनी ऐकलं, केसलीबाई. दोनदा म्हणाली."

तिथे झमकीची आजी चुलीजवळ बसली होती, हातभर बांगड्या घातलेली म्हातारी. तिनं इतका वेळ मान वर केली नव्हती. ती म्हणाली, "बाई, येडी नाई. याडी. या-डी. आमच्या बोलीत याडी म्हंजे माय."

अक्का, मला आधी कळलंच नाही. ती म्हातारी पुढे बोलत होती. "घरी येऊन सांगे आमाले. म्हने, गावात बी एक याडी हाय. दूध देते. आमी हासलो होतो."

बाजेच्या दोरीला धरून मी बसून राहिले. एका बाईनं तांब्या आणून माझ्यापाशी ठेवला. मला तो उचलता येईना.

मग केसलीनं उरलंसुरलं सांगितलं. तिला ते सांगायचंच होतं, आणि तिनं सांगावं हे बरोबरच होतं. त्या दिवशी झमकीनं माझी प्रत्येक हाक ऐकली होती. मी जवळ आले की ती श्वास धरून बसे. तिला वाटलं, मी तिला मारायला शोधते आहे. सहा तास, अक्का. मी जितक्या मोठ्यानं हाका मारल्या तितकी ती दडून राहिली.

झमकी झोपडीच्या मागे होती. मी तिला भेटू का म्हणून विचारलं. केसली "नाई" म्हणाली. मी उठून आले.

मंगळवारी मुख्यसेविकाबाई मेहकरच्या गाडीनं आल्या. गोदामात सतरंजी टाकली, अन्नपूर्णाबाई आणि मंडळाच्या चार बायका बसल्या. झुंबरबाईला निरोप धाडून बोलावलं होतं, ती दाराशी उभी. वही उघडली. सहीची जागा मोकळी ठेवून अन्नपूर्णाबाईंनी कुणाकडून तरी ठराव लिहूनच आणला होता. मी म्हटलं, "यावर मी सही करणार नाही, यातलं खरं नाही," आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हात मी पदरात गुंडाळून घेतले होते. आवाज मात्र निघाला.

अन्नपूर्णाबाईंचा चेहरा लाल झाला. "बाई, हे तुमी आत्ता सांगता? पंधरा रोज मी झुंबरच्या नावानं बोंब मारून राह्यली गावात, अन् तुमी आयकून घेतलं?"

त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. त्यांना मी खरोखरच फसवलं होतं.

मुख्यसेविकाबाईंनी विचारलं, "किती मारल्या?"

"एक."

"एक काय न् चार काय, मला इथे सारखंच लिहावं लागेल." त्यांनी बराच वेळ लिहिलं. मग टाक खाली ठेवून म्हणाल्या, "तुमच्याकडे दीड महिना तांड्याची मुलं होती. त्यांचे चार शब्द शिकावेत असं वाटलं नाही?"

मला वाटायचं, त्यांनी आपली बोली शिकावी म्हणूनच तर ती बालवाडीत येतात. मी त्यांना आपली गाणी शिकवत होते आणि ती तोंडाकडे पाहत बसायची. मी वहीत लिहायची, 'मंद'. पाचही नावांपुढे तसं लिहिलं आहे. तेही मी त्यांना दाखवलं. झाकून काय करू?

तर निकाल असा. झुंबरबाई परत कामावर. तांड्याची मुलं घ्यायची, पण त्यांच्यातलं एखादं मोठं माणूस सोबत बसवायचं. हे मी सुचवलं आणि बाईंनी मान्य केलं. माझ्याबद्दल वहीत आहे, 'दिवाळीपर्यंत काम पाहून पुढील निर्णय.' म्हणजे दिवाळीनंतर मी इथे असेन की नाही, ते आज कुणी सांगू शकत नाही.

आता तुला वाटेल, सगळं मार्गी लागलं. तसं नाही. अन्नपूर्णाबाईंनी आपली नात घरी बसवली. त्यांच्यामागून आणखी चार घरांनी मुलं पाठवायचं बंद केलं. गावात म्हणतात, बाईनं तांड्याचा पक्ष घेतला. झुंबरबाई येते, पाणी तापवते, दूध कालवते. माझ्याशी कामापुरतंच बोलते. भाकरी सोडायची वेळ झाली की आपली फडकी घेऊन बाहेर जाते. मी एकदा म्हटलं, "झुंबरबाई, माझं चुकलं." ती म्हणाली, "हाव, चुकलं," आणि पेले विसळायला लागली.

तांड्यावरून झमकीची आजीच येते. मी काही सांगितलं की ती आपल्या बोलीत मुलांना सांगते. पहिल्या दिवशी तीन मुलं आली. मी म्हटलं "बसा", आजी म्हणाली "बेस", आणि तिघंही पटकन बसली. अक्का, ती मंद नव्हती गं. त्यातली एक तर चिंचोके मोजण्यात सगळ्यांच्या पुढे आहे, फक्त आपल्या आकड्यांनी मोजते. भाकरीला ते बाटी म्हणतात. पाण्याला पाणीच. मी एका वहीत लिहून घेते. आजी मला हसते, माझी जीभ वळत नाही म्हणून. गावची मुलं आता तिच्याभोवती बसतात, बांगड्या मोजतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झमकी आली. आजीच्या ओढणीत तोंड खुपसून बसली होती. मी दुधाचा पेला घेऊन गेले तेव्हा तिनं माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. पेल्याकडे नाही, हाताकडे. मी पेला जमिनीवर ठेवला आणि चार पावलं मागे सरकले. मग तिनं घेतला. काल पुन्हा आली. अजून ती मला कोणतीच हाक मारत नाही. मारील की नाही मला माहीत नाही. मी वाट पाहायची ठरवलं आहे, दुसरं काय करणार?

इतकं लिहिलं आणि अजून मुख्य राहिलंच. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, 'त्याबद्दल सवडीने.' दुसऱ्या पत्रात लिहिलं, डोळ्यांपुढे काय आलं कुणास ठाऊक. ठाऊक होतं.

त्या सोमवारी बालवाडी भरायच्या आधी पोस्टमननं तुझं पत्र दिलं. मी दारात उभी राहून वाचलं. खोकल्याचं लिहून झाल्यावर तू खाली लिहिलं होतंस, "नलू आता मले माय म्हनते वं वच्छे. मी शिकवलं नाई. आपोआपच म्हनाले लागली. तुले वाईट वाटू देऊ नको." मी पत्र घडी करून चोळीत ठेवलं आणि मुलांना ओळीत बसवलं. पोळ्याला मी तुमच्याकडे उंद्रीला आले तेव्हा ती माझ्याकडे बोट दाखवून तुला म्हणाली होती, "बाई आली." सगळे बाई म्हणतात, म्हणून तीही. तेव्हा आपण दोघी हसलो होतो. मी येताना गाडीत चिखलीपर्यंत रडले.

मग दुधाच्या वेळेला ते लेकरू आलं, पदर ओढला. आणि मला जे ऐकायला मिळत नव्हतं तेच ते म्हणत होतं, आणि मी त्याला मारलं.

तुझ्यावर मी रागावले होते, अक्का. हे लिहायला मला जड जातं. तुझं काय चुकलं? सहा महिन्यांची तान्ही तुझ्या ओटीत टाकून मी ट्रेनिंगला गेले. तिचे दात तुझ्यापाशी आले, चालायला ती तुझ्या अंगणात शिकली. गोवरात तू तेरा दिवस तिच्या उशाशी होतीस आणि मी परीक्षेचा पेपर लिहीत होते. तुला स्वतःचं मूल नाही हे मला माहीत असून मी तुझ्याजवळ ठेवली, की तुझा जीव रमेल. तुझा जीव रमला, तर आता मला कसला राग? पण होता. तुझ्यावरचा राग झमकीच्या गालावर निघाला. हे तुझ्यावर ढकलत नाही. हात माझाच होता. फक्त तुला ठाऊक असावं.

आता माझं मागणं ऐक. ऐकताना घाबरू नको.

नलूला मी ओढून आणणार नाही. मी ज्वारीत ओरडत फिरले, तशी तिच्या मागे फिरणार नाही. ती तुला माय म्हणते, म्हणू दे. तोडू नको, समजावू नको, "माय मी नाई, ती हाय" असं तिला सांगू नको. तिला ते कळायचं नाही, फक्त काहीतरी आपलं चुकलं एवढंच कळेल.

पण दिवाळी झाली की तू तिला घेऊन इकडे ये. तू ये, नुसती तिला धाडू नको. महिनाभर राहा. भाऊजींच्या जेवणाची सोय तुझ्या सासूबाई करतील, त्यांचा हात अजून चालतो. माझी खोली लहान आहे, पण तिघी मावू. सकाळी तू बालवाडीत तिच्याजवळ बस, आजी बसते तशी. मी बाकीच्या मुलांत असेन. तिला वाटेल तेव्हा ती माझ्याकडे येईल, वाटणार नाही तेव्हा तुझ्या पदराखाली जाईल. महिन्यानं तिला काय हवं ते दिसेल. तुझ्यासोबत परत उंद्रीला जायचं म्हणाली तर मी गाडीत बसवून देईन. खरंच देईन. हे मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं आहे, म्हणून शाई फुटली आहे.

तोवर माझी जागा गेली असली तर मी तार करीन.

तू म्हणशील, हिला पोरगी परत न्यायची होती तर मला इतकी माया लावू कशाला दिली. म्हण. तुझा हक्क आहे. नाही म्हणायचं असेल तर तसंही लिही, पण लिही. आठ दिवस काहीच आलं नाही तर मी नाही समजेन, आणि पुन्हा विचारणार नाही. नलूला थंडीचं बाहेर काढताना कानटोपी घाल.

तुझ्या उत्तराला भिऊन बसलेली,
तुझीच
वच्छला